डावे-उजवे भेदबोध
स्वतःच्या शरीराची, समोरील व्यक्तीची व बाह्य वस्तूंची डावी आणि उजवी बाजू ओळखण्याची क्षमता. वर-खाली व पुढे-मागे हे भेद बालकाला लवकर उमगतात. कारण गुरुत्वाकर्षणामुळे खालची दिशा ठरलेली असते आणि चेहरा व पाठ यांत उघड फरक असतो. शरीराच्या दोन बाजू मात्र दिसावयास जवळजवळ सारख्याच. त्यामुळे ‘डावा’, ‘उजवा’ हे शब्द तोंडी बसले, तरी कोणता शब्द कोणत्या हाताचा याविषयी मुलाचा पुष्कळ काळ गोंधळ होतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या विकासाच्या तीन पायऱ्या वर्णिल्या आहेत. पाचव्या वर्षापासून पुढे मूल स्वतःचे हात अचूक सांगू लागते. समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या हाताच्या बाजूस येतो, हे त्याला आठव्या वर्षाच्या सुमारास कळते. एका ओळीत ठेवलेल्या तीन वस्तूंपैकी मधली वस्तू एकीच्या डावीकडे आणि त्याच वेळी दुसरीच्या उजवीकडे असते, हे मात्र अकराव्या-बाराव्या वर्षी उमजते. म्हणजे डावेपणा हा वस्तूचा गुण नसून दोन वस्तूंमधील संबंध आहे, हेच खरे कठीण असते. ही वये स्थूलमानाने घ्यावयाची. मुलामुलांत बराच फरक आढळतो.

शाळेत याचा विसर पडतो. वर्गाकडे तोंड करून शिक्षकाने उजवा हात वर केला, की लहान मुले आरशातल्याप्रमाणे डावा हात उंचावतात. हा हूडपणा नव्हे. शिक्षकाने पाठमोरे उभे राहावे. घरोघरी सांगितली जाणारी ‘जेवतो तो उजवा हात’ ही खूणही डावखुऱ्या मुलाला चकवते, आणि दहांपैकी सुमारे एक मूल डावखुरे असते. त्याचा हात बदलावयास लावण्याऐवजी मनगटावरील दोऱ्यासारखी वेगळी खूण द्यावी. ३ आणि ६ हे अंक एकमेकांच्या आरशातील प्रतिमांसारखे असल्याने लेखनारंभी त्यांची अदलाबदल होते. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत असे उलटे लेखन सर्रास आढळते; तेवढ्यावरून मुलास मंदबुद्धी ठरविणे सर्वस्वी गैर होय.

हा भेद सर्व भाषांत सारखाच महत्त्वाचा नसतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या गुगू यिमिदिर भाषेत जवळच्या वस्तूचे स्थानही पूर्व-पश्चिमादी दिशांनीच सांगण्याची रीत आहे. पिएर दासेन व रमेश मिश्रा यांनी वाराणसी, काठमांडू व बाली येथील मुलांच्या अशा दिशाज्ञानाचा अभ्यास २०१० मध्ये ग्रंथरूपाने मांडला. मराठी खेड्यांतही शेताचा बांध ‘उगवतीकडचा’ वा ‘मावळतीकडचा’ असतो. तो डावा-उजवा सहसा नसतो.