श्वास घेणारा हार्वे

पलंगावर एकजण उताणा पडला आहे. छाती संथपणे वर-खाली होते, मानेत शीर उडताना दिसते, मनगट धरलं की नाडी लागते. छातीला स्टेथोस्कोप लावला की आत ठोके ऐकू येतात. पण हा माणूस नाही, पुतळा आहे. त्याचं नाव हार्वे.

मायामी विद्यापीठातल्या डॉ. मायकेल गॉर्डन यांनी १९६८ साली, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत, तो पहिल्यांदा लोकांपुढे आणला. नाव ठेवलं आपल्या गुरूंचं. डॉ. प्रॉक्टर हार्वे जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवत आणि नुसत्या कानांनी हृदयविकार ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता.

काय असतं एवढं ऐकण्यासारखं? 'लब-डब' आपल्याला शाळेपासून माहीत आहे. तो आवाज हृदयाच्या झडपा मिटण्याचा. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटल्या की 'लब', रक्त बाहेर नेणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटल्या की 'डब'. नाडी मिनिटाला ७२ असेल तर हा सगळा खेळ सेकंदाहून कमी वेळात आटोपतो.

मला सर्वांत थक्क करतो तो 'डब'. नीट कान दिला तर तो एक आवाज नसून दोन आहेत. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त रक्त येतं, ते बाहेर ढकलायला जरा जास्त वेळ लागतो आणि तिकडची झडप किंचित उशिरा मिटते. 'डब' फाटतो, 'ड-डब' होतो. श्वास सोडला की दोन्ही आवाज पुन्हा जुळतात. फरक सेकंदाच्या काही शतांशांचा. निरोगी छातीत प्रत्येक श्वासाला हे चाललेलं असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता ज्याला आपण घरी 'हृदयाला भोक' म्हणतो, त्यातला एक प्रकार घ्या. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असलं की डावीकडचं रक्त सतत उजवीकडे झिरपतं. उजवी बाजू कायमच भरलेली, म्हणून 'डब' कायमच फाटलेला. श्वास घ्या, सोडा, ते अंतर जागचं हलत नाही. म्हणजे इथे आवाजापेक्षा त्याचं न बदलणं ऐकायचं असतं!

हे पुस्तकातून कसं शिकणार? वॉर्डात तसा रुग्ण आज असेल, उद्या नसेल, आणि असला तरी धाप लागलेल्या माणसाच्या छातीवर तीस विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं नळी टेकवायची, हे कुणालाच बरं वाटत नाही. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शिकाऊ डॉक्टरांना हृदयाचे बारा ध्वनी ऐकवले, तेव्हा ओळखता आले सरासरी पाचातला एक. कान तयार व्हायला रियाजच लागतो. फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठात डॉ. मायकेल बॅरेट यांनी विद्यार्थ्यांना एकेक मर्मर, म्हणजे ठोक्यांच्या मधली खरखर, पाचशे-पाचशे वेळा ऐकायला लावली, आणि ओळखणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी वाढलं.

हार्वे कितीही वेळा ऐकू देतो. शिवाय त्याचं सगळं अंग एकाच आजाराची भाषा बोलतं. महाधमनीची झडप अरुंद झालेला रुग्ण निवडला, तर छातीत खरखर चढत जाते, मग उतरते, आणि त्याच वेळी मानेतली नाडी बोटाखाली हळूहळू, ओढल्यासारखी वर येते.

शिक्षक आजार बदलतात, पुतळा तोच. विद्यार्थिनी आधी दोन बोटं मानेवर ठेवते, कारण जलद ठोक्यांत लब कुठला आणि डब कुठला हे नाडीच सांगते: बोटाला धक्का बसतो तो लबच्या वेळी. मग ती स्टेथोस्कोप छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, दुसऱ्या बरगडीखाली टेकवते. डोळे मिटते. हार्वेची छाती वर जाते. ड-डब. खाली येते. ड-डब. ती आणखी एका श्वासाची वाट पाहते.