सकाळचा काटा आणि तीनशे ग्रॅमची धास्ती

नाशिक रोडला सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कुठल्याही घोळक्यात मिसळा, मग तो जेल रोडचा असो, उपनगरचा असो की देवळाली गावाकडचा. एक प्रश्न हमखास कानावर पडतो, ‘मग, किती उतरलं?’ उत्तर किलोत नाही, ग्रॅममध्ये येतं. काल अडुसष्ट-सहाशे होतं, आज अडुसष्ट-नऊशे झालं. मग त्या तीनशे ग्रॅमचा तपास सुरू होतो. रात्री एक पोळी जास्त झाली का? पाहुण्यांकडचा गोड चहा नडला का? वजन कमी करायला निघालेली कितीतरी माणसं उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, फिरून आल्यावर आणि पुन्हा झोपण्यापूर्वी काट्यावर उभी राहतात. पूर्वी वजन व्हायचं ते दवाखान्यात, नाहीतर रेल्वेच्या फलाटावर नाणं टाकून. आता काटा पलंगाखाली असतो. तो इतक्यांदा बाहेर निघतो याची काळजी वाटते, कारण तो आकडा आपल्याला वाटतं ते सांगतच नाही.

जरा हिशेब मांडू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. समजा तुम्ही नेटाने खाणं आवरलं, चालणं वाढवलं आणि रोज ५०० कॅलरींची तूट पाडली. ही तूट किरकोळ नाही, ती पाडताना जीव मेटाकुटीला येतो. तरी त्यातून दिवसाला चरबी उतरते सुमारे ६५ ग्रॅम. घरातले बहुतेक काटे १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतात. म्हणजे दिवसभराच्या मेहनतीचं फळ काट्याला दिसण्याइतकंही नसतं. आणि त्याच चोवीस तासांत शरीरातलं पाणी आणि पोटातलं अन्न मिळून वजन एक ते दोन किलो सहज वरखाली होतं. अर्धा लिटर पाणी प्यायलात की अर्धा किलो वाढलाच. रोज वजन करणारा माणूस या एवढ्या उलथापालथीत ६५ ग्रॅम शोधत असतो.

आपल्या जिल्ह्यात हे समजायला जड जाऊ नये. चाळीत भरलेला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत वजनाला घटतो, त्यातली बरीच घट पाण्याची असते आणि शेतकरी ती धरूनच भावाचा विचार करतो. माणसाच्या वजनातही पाण्याची घट आणि वाढ अशीच वेगळी धरावी लागते.

हे पाणी हलतं कशाने? भात, भाकरी, पोळीतून आलेली साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं. मोठ्या माणसात हा साठा अर्ध्या किलोच्या आसपास असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी केलं की पहिल्या आठवड्यात हा साठा उतरतो, पाणी त्याच्याबरोबर जातं आणि काटा दोन किलोंपर्यंत खाली येऊ शकतो. घरात आनंदीआनंद होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो, कारण आता जे उतरतंय ते मुख्यतः चरबीचं असतं. नेमक्या याच वेळी ‘हे डाएट मला लागू पडत नाही’ म्हणून माणसं हात टेकतात. निरंकार एकादशी केल्यावर द्वादशीच्या सकाळी वजन किलोभर कमी भरतं आणि पारणं फेडल्यावर परत येतं, त्यामागेही पाण्याची आणि रिकाम्या पोटाचीच करामत असते.

मिठाचं प्रकरण नाशिककरांनी खास लक्षात ठेवावं असं आहे. रविवारी मिसळ झाली की सोमवारी काटा किलोभर वर जातो. फरसाणात मीठ, तर्रीत मीठ, पापडात मीठ, पावातही मीठ. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. तो किलो चरबीचा असता तर दिवसाच्या गरजेपेक्षा वरच्या ७,७०० कॅलरी खाव्या लागल्या असत्या, आणि दोनदा तर्री, जादा पाव घेऊनही ते कुणाला जमत नाही. नेहमीचं जेवण सुरू झालं की दोन-तीन दिवसांत हे पाणी निघून जातं. बायकांना पाळीच्या आधीचे चार-सहा दिवस वजन उगाच वाढलेलं दिसतं, तेही पाणीच. व्यायाम नव्याने सुरू केल्यावर अंग दुखतं, तेव्हा दुखावलेले स्नायू पाणी धरतात. म्हणून जिमच्या पहिल्या पंधरवड्यात काटा हलत नाही, कधी चढतोही. कितीजणी त्या पंधरवड्यात जिम सोडतात!

काट्याची स्वतःची खोडही समजून घ्या. काचेच्या त्या चौकोनाखाली चार कोपऱ्यांत चार पाय असतात आणि त्यांवर येणारा भार मोजणारे संवेदक असतात. शहाबादी फरशीच्या खळग्यावर एक पाय अधांतरी राहिला, किंवा काटा सतरंजीवर ठेवला, की आकडा बदलतो. बाथरूमच्या दारातून स्वयंपाकघरात नेला तरी फरक पडतो. काही डिजिटल काटे आधीचं वजन लक्षात ठेवतात आणि लगेच पुन्हा उभं राहिलं, की थोडा फरक असला तरी तोच आकडा दाखवतात. त्यामुळे खात्री करायला म्हणून तिसऱ्यांदा चढणाऱ्याला खात्री मिळालेली नसते.

रोजच्या वजनाचा ध्यास घेतलेला इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे इटलीतल्या पादुआचा वैद्य सांतोरिओ. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून त्याने सुमारे तीस वर्षं स्वतःचं, खाल्लेल्या अन्नाचं आणि मलमूत्राचं वजन केलं आणि १६१४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याला आढळलं की खाल्ल्या-प्यायल्याचा मोठा हिस्सा मलमूत्रावाटे नव्हे, तर डोळ्यांना न दिसता त्वचेतून आणि श्वासातून निघून जातो. झोपेतही ही गळती चालूच असते, म्हणून सकाळचं वजन रात्रीच्यापेक्षा कमी भरतं. त्या फरकाला यश मानण्यात अर्थ नाही.

ही सवय सुटत का नाही, याचं कारण आकड्याच्या लहरीपणात आहे. कधी तो खूश करतो, कधी निराश करतो, आणि पुढच्या वेळी काय दिसेल याची ओढ लागते. आकडा खाली दिसला तर ‘आज चालेल’ म्हणून जिलबी खाल्ली जाते. वर दिसला तर दुपारचं जेवण टाळलं जातं आणि संध्याकाळी भुकेने शेव-चिवड्याचा डबा रिकामा होतो. दोन्हीकडून नुकसानच. शिवाय सकाळी सहाला दिसलेला आकडा दिवसभराचा मूड ठरवू लागतो, आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते हे.

पण काटा फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९९४ पासून वजन घटवून टिकवलेल्या माणसांची एक मोठी नोंदवही ठेवली जाते, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री या नावाने. तिच्यातले सुमारे तीन-चतुर्थांश लोक आठवड्यातून किमान एकदा वजन करतात. नियमित नोंद ठेवणाऱ्याला वाढ लवकर कळते, हे खरं आहे. रोज वजन करूनही शांत राहणारी, आठवड्याची सरासरी काढणारी माणसंही असतात; त्यांनी ते खुशाल करावं. ज्यांना आकड्याने हुरहूर लागते, त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा पुरे.

वार एकच ठेवा. उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्यापूर्वी, त्याच जागी, तशाच कपड्यांत वजन करा. दुधाचा हिशेब आणि सिलेंडरची तारीख ज्या कालनिर्णयवर लिहिता, त्याच्याच चौकटीत आकडा लिहा आणि काटा माळ्यावर ठेवून द्या. सेल काढून घरच्या कुणाकडे दिले तर आणखी बरं. चार वेळांवरून थेट आठवड्यावर येणं झेपत नसेल तर आधी दिवसातून एकदा, मग दिवसाआड. पहिले काही दिवस अस्वस्थ वाटतं, मग ओसरतं. निष्कर्ष मात्र चार आठवड्यांनीच काढायचा. बायकांनी या महिन्याच्या पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहायचा. आपल्याकडे नोट प्रेस, सिक्युरिटी प्रेस, रेल्वे, एकलहऱ्याचं वीजकेंद्र अशी पाळ्यांची कामं फार. रात्रपाळीवाल्याची ‘सकाळ’ दुपारी दोनला होते. त्यांनी घड्याळ पाहू नये. मुख्य झोप झाल्यावर आणि शक्यतो एकाच पाळीच्या आठवड्यांत वजन करावं.

मधल्या दिवसांत पाहायचं काय? कंबर. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचाच फोटो छापून एक गोष्ट दाखवली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन तेच, आतला ऐवज वेगळा. भारतीयांची चरबी पोटावर साठते आणि मधुमेहाची वाट तिथूनच जाते. म्हणून पुरुषांनी ९० आणि बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत कंबर ठेवावी असं सांगतात. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध, पोट आत न ओढता, महिन्यातून एकदा लावावी. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळांच्या जेवणाची पद्धत पाळणारे कितीतरी लोक आहेत. एचबीए१सी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासा, असं दीक्षित स्वतः सांगतात. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा लेखाजोखा देते. तिथे तीन महिने थांबायची तयारी असलेल्या माणसाने वजनासाठी तीन तासही थांबू नये, हे पटत नाही.

दोन अपवाद नीट लक्षात ठेवा. हृदय कमकुवत असलेल्यांना किंवा डायलिसिसवर असलेल्यांना डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं असेल तर ते रोजच करायचं. त्यांच्यात दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढणं म्हणजे अंगात पाणी साठल्याची खूण असू शकते, लगेच डॉक्टरांना कळवायचं. आणि काही न करता वजन उतरत असेल तर खूश होऊ नका. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड तपासून घ्या.

घरातली वयात आलेली मुलगी किंवा मुलगा वारंवार काट्यावर चढत असेल, जेवण टाळत असेल, खाऊन उलट्या काढत असेल, तर दटावून भागणार नाही. हा आजार असू शकतो. फॅमिली डॉक्टरांशी बोला, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा; तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि उद्या फिरायला जाल तेव्हा सोबतच्या माणसाला ‘किती उतरलं?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. झोप लागते का, जिने चढताना दम लागतो का, गुडघा कसा आहे, हे विचारा.