केजन मार्दी ग्रा : मुखवट्यामागची परंपरा

दूरचित्रवाणीमुळे देशोदेशीचे सण आज आपल्या दिवाणखान्यात येऊन पोहोचले आहेत. मात्र जे डोळ्यांना दिसते ते सर्वच समजते असे नाही. १७ जून २०१८ रोजी सीएनएन वाहिनीच्या ‘पार्ट्स अननोन’ या प्रवासमालिकेत अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील केजन लोकांच्या मार्दी ग्रा सणावरील भाग दाखवण्यात आला. मालिकेचे सूत्रधार अँथनी बोर्डेन यांचे त्याआधी नऊच दिवस, ८ जून रोजी निधन झाले होते. त्यामुळे अनेकांनी तो भाग जड अंतःकरणाने पाहिला. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना मार्दी ग्रा म्हणजे न्यू ऑर्लिन्स शहरातील चित्ररथ आणि मण्यांच्या माळा एवढेच ठाऊक होते. खेड्यापाड्यांतील मार्दी ग्रा मात्र निराळाच असतो. चिंध्यांचे रंगीत पोशाख, चेहऱ्यावर जाळीचे मुखवटे, डोक्यावर निमुळत्या उंच टोप्या, चिखलातून कोंबडीमागे धावणारे लोक आणि हाती चाबूक घेतलेले नायक असे त्याचे रूप आहे.

असे दृश्य प्रथमच पाहणाऱ्याच्या मनात कुतूहलाबरोबर अस्वस्थताही निर्माण होते. हा सण आहे की दंगा? ज्या दिवसाच्या दुसऱ्याच सकाळी कपाळावर राख लावून घ्यायची, त्या दिवशी श्रद्धावंतांनी असे वागावे काय? हे प्रश्न योग्यच आहेत. त्यांची उत्तरे मिळवायची तर हे लोक कोण आणि ही प्रथा काय, हे आधी जाणून घेतले पाहिजे.

घर गमावलेले लोक

‘केजन’ हा शब्द ‘अकाडियन’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया व आसपासच्या प्रदेशाला फ्रेंच लोक अकाडिया म्हणत. सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे फ्रेंच कॅथलिक शेतकरी व कोळी स्थायिक झाले. १७१३ च्या युट्रेक्ट तहाने या वसाहतीचा मुख्य भाग ब्रिटनकडे गेला. ब्रिटिश राजाशी विनाअट निष्ठेची शपथ घेण्यास अकाडियन लोकांनी नकार दिला, तेव्हा १७५५ पासून त्यांना घराबाहेर काढून जहाजांत कोंबण्यात आले. कुटुंबे विखुरली, असंख्य माणसे वाटेत दगावली. काही जण १७६० च्या दशकात लुइझियानात पोहोचले. १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजांनी सुमारे १,६०० जण तेथे आले. त्या काळी लुइझियानावर कॅथलिक स्पेनची सत्ता होती. तेथे या लोकांना आपला धर्म आणि आपली भाषा जपता आली.

आजही लुइझियानात जिल्ह्याला ‘पॅरिश’ म्हणतात. फ्रेंच व स्पॅनिश राजवटीत चर्चच्या धर्मग्रामांवरून प्रदेशाची विभागणी होत असे, त्याची ही खूण. मामू हे मार्दी ग्रासाठी प्रसिद्ध असलेले गाव इव्हँजेलिन पॅरिशमध्ये येते, तर चर्च पॉइंट व आयोटा ही गावे अकाडिया पॅरिशमध्ये आहेत.

विसाव्या शतकात या समाजावर दुसरे संकट आले. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतील शिक्षण इंग्रजीतूनच देण्याचे बंधन घातले. घरी फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शाळेच्या आवारात मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होऊ लागली. आपली भाषा म्हणजे अडाणीपणाचे लक्षण, असे एका पिढीच्या मनावर बिंबवले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तरुण सैन्यात गेले आणि गावोगावची मार्दी ग्राची फेरीही खंडित झाली. युद्धानंतर मामूसारख्या गावांतील जाणत्यांनी ती पुन्हा सुरू केली. पुढे १९६८ मध्ये राज्य शासनाने फ्रेंच भाषेच्या विकासासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. म्हणून केजन माणसासाठी ही फेरी करमणुकीपुरती नाही. ‘आम्ही अजून आहोत’ हे सांगण्याची ती एक रीत आहे.

फेरी कशी निघते?

‘मार्दी ग्रा’ या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘चरबीचा मंगळवार’ असा आहे. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी हा सण येतो. पूर्वी उपवासकाळात मांस, अंडी, लोणी, चरबी हे सर्व वर्ज्य असे. घरात असलेले हे पदार्थ मंगळवारी संपवून टाकावे लागत. ‘कार्निव्हल’ या शब्दाचे मूळही मांस दूर सारण्याच्या लॅटिन शब्दांत सापडते.

गावच्या फेरीला ‘कूरिर द मार्दी ग्रा’ म्हणतात. मध्ययुगीन फ्रान्समध्ये सणाच्या दिवशी वेषांतर करून दारोदार मागत फिरण्याची प्रथा होती, तिचाच हा वंशज आहे. पहाटे घोड्यांवरून, गाड्यांतून आणि पायी निघालेल्या या जथ्याचा प्रमुख म्हणजे ‘कापितेन’. तो मुखवटा घालत नाही. तो पांढरे निशाण घेऊन एकटाच घराच्या अंगणापर्यंत जातो आणि घरमालकाची परवानगी विचारतो. घरमालकाने होकार दिल्याखेरीज कोणीही अंगणात पाऊल टाकत नाही. होकार मिळाला की जथा पुढे येतो, परंपरेने आलेले फ्रेंच गाणे म्हणतो, नाचतो, सोंगे करतो आणि हात पसरून भिक्षा मागतो.

भिक्षा तरी कशाची? तांदूळ, पीठ, कांदे, सॉसेज, थोडे पैसे आणि शक्य असल्यास एक जिवंत कोंबडी. यजमान ती कोंबडी हवेत उडवतो आणि मुखवटेधारी तिच्यामागे धावतात. संध्याकाळी जमवलेल्या शिध्यातून ‘गंबो’ शिजतो. तेलात पीठ तांबूस होईपर्यंत परतून केलेला हा दाट रस्सा भाताबरोबर खातात. ‘गंबो’ हा शब्द आफ्रिकी भाषांतील भेंडीच्या नावावरून आला आहे. फ्रेंच, आफ्रिकी आणि स्थानिक आदिवासी अशा अनेक हातांनी हे अन्न घडवले आहे. कोणी मूठभर तांदूळ दिले, कोणी कोंबडी दिली, पण रात्री एकाच पातेल्यातून सर्वांना वाढले जाते. फेब्रुवारीच्या सुमारास गरीब शेतकऱ्याच्या घरातली साठवण आटत आलेली असे. अशा वेळी एका घराच्या मदतीने जे झाले नसते ते साऱ्या गावाच्या मदतीने होई. मागणारा लाजत नसे आणि देणारा मिरवत नसे, कारण कोण मागतो आहे हे मुखवट्यामुळे कळतच नसे.

आक्षेप आणि वस्तुस्थिती

पहिला आक्षेप चाबकाचा. टी मामू येथील फेरीत कापितेन गोणपाटाच्या वेणीचे चाबूक बाळगतात आणि मर्यादा ओलांडणाऱ्या सोंगाड्यांवर ते उगारतात. पडद्यावर हे क्रूर वाटते. प्रत्यक्षात तो उभयपक्षी ठाऊक असलेला खेळ आहे. सोंगाड्याने नियम मोडू पाहायचे आणि कापितेनने त्याला वठणीवर आणायचे. त्या दिवशी जग उलटे होते, पण ते किती उलटे होऊ द्यायचे हे मुखवटा नसलेला माणूस ठरवतो.

दुसरा आक्षेप मद्याचा आणि कोंबडीचा. मद्यपान या सणात असते आणि काही ठिकाणी त्याचा अतिरेकही होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याला आवर घालणे हेही कापितेनचेच काम मानले जाते. कोंबडीविषयी वाटणारी हळहळही खोटी नाही. तथापि, आपल्या ताटातील मांस कुठून येते हे ज्यांना कधी पाहावे लागत नाही, त्यांनी या शेतकऱ्यांना निर्दय ठरवण्यापूर्वी थोडे थांबावे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘कापुशाँ’ नावाची निमुळती टोपी पाहून अनेकांना कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेची आठवण होते. वस्तुतः ही टोपी मध्ययुगातील उमराव स्त्रियांच्या उंच शिरोभूषणाची थट्टा आहे. काही सोंगाडे विद्वानांच्या चौकोनी टोपीची, तर काही चक्क बिशपांच्या मायटरचीही नक्कल करतात. क्लॅनने तर १९२० च्या दशकात कृष्णवर्णीयांबरोबर कॅथलिकांनाही शत्रू मानले होते. एवढे सांगून मात्र प्रश्न संपत नाही. काही फेऱ्यांत चेहरे काळे रंगवून कृष्णवर्णीयांची सोंगे घेण्याची प्रथा राहिली आहे. वर्णभेदाचा इतिहास असलेल्या भूमीत हे सोंग शेजाऱ्याच्या मनाला जखम करते. परंपरा जुनी आहे हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. त्याच प्रदेशातील कृष्णवर्णीय क्रेओल समाजाची स्वतःची मार्दी ग्रा फेरी आहे, तीही कॅथलिक आणि तितकीच अस्सल. एकाच वेदीवरून प्रभूभोजन घेणारे शेजारी एकमेकांच्या सणाकडे कोणत्या नजरेने पाहतात, ही खरी कसोटी आहे.

परंपरा बदलू शकते, हेही येथे दिसते. मामूची फेरी पुरुषांचीच राहिली आहे. बासील आणि टी मामू येथे मात्र स्त्रियांच्या फेऱ्या निघू लागल्या आणि त्यामुळे परंपरा क्षीण झाली नाही.

मध्यरात्रीची सीमा

कॅमेरा दिवसाचा गोंधळ टिपतो. त्या गोंधळाचा अर्थ मात्र त्याच्या शेवटात आहे. रात्रीचा नाच परंपरेनुसार मध्यरात्री थांबतो. मुखवटे उतरतात. सकाळी तेच लोक मंदिरात रांगेत उभे राहून कपाळावर राख घेतात. राखेच्या बुधवारी संत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातून वाचन होते. दान, प्रार्थना व उपवास लोकांनी पाहावे म्हणून करू नका, ढोंग्यांसारखे वागू नका, असे प्रभू येशू त्यात सांगतो. ‘ढोंगी’ यासाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ नाटकातील नट असा होतो. मंगळवारचा मुखवटा निदान उघडपणे मुखवटा असतो. बुधवारचे वाचन आपल्याला धार्मिकतेचा न दिसणारा मुखवटा काढायला सांगते.

गोव्याच्या इंत्रूजविषयीही असेच घडते. शहरांतील चित्ररथांची मिरवणूक प्रवाशांना दिसते, पण वाड्यावाड्यांवरचे खेळ व शेजाऱ्यांचे एकत्र येणे पडद्यावर क्वचितच येते. धंदा आणि मद्य यांनी सणाचा ताबा घेतला की त्याचा उपवासकाळाशी असलेला धागा तुटतो. मग उरतो तो केवळ गोंगाट.

म्हणून असा एखादा कार्यक्रम पाहताना चटकन नाक मुरडू नये आणि चटकन भारावूनही जाऊ नये. तीन गोष्टी विचाराव्यात. या सणात परवानगी मागितली जाते काय? जमवलेले सर्वांना वाटले जाते काय? आणि तो ठरल्या वेळी थांबतो काय? केजन खेड्यांतील फेरी आपल्या उत्तम रूपात या तिन्ही प्रश्नांना होकार देते. आपल्या घरातील लग्नसमारंभ, धर्मग्रामाचे सण आणि उपवासकाळापूर्वीची आपली मौज यांनाही हेच तीन प्रश्न विचारून पाहण्यास हरकत नाही.