सर्वांत पोर्तुगीज गाव

लेखमालेच्या या भागात समुद्राकडे पाठ फिरवून आपल्याला पोर्तुगालच्या पार पूर्वेला, स्पेनच्या सीमेजवळच्या बैरा बाइशा प्रांतात जायचं आहे. इथल्या सपाट माळावर ऑलिव्हची झाडं आणि मेंढ्यांची कुरणं आहेत. त्यातूनच ७५८ मीटर उंचीचा एक ग्रॅनाइटचा डोंगर एकदम वर येतो. त्याच्या उतारावर मोन्सान्तो वसलेलं आहे.

हंपी पाहिलेल्यांना इथले धोंडे अनोळखी वाटणार नाहीत. तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात हा खडक थिजला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांतून पाणी झिरपत राहिलं. कोपऱ्यांवर ते अनेक बाजूंनी काम करतं, म्हणून आधी कोपरे कुजले आणि त्यांची माती झाली. पुढे वरची माती वाहून गेली आणि मागे उरले ते गोलसर, हत्तीहूनही मोठे धोंडे. गावकऱ्यांनी त्यांच्याशी भांडण मांडलं नाही. दोन धोंड्यांच्या मधल्या फटीत दगडाची भिंत रचली, दार बसवलं की घर तयार. एका घराचं नावच ‘एका कौलाचं घर’ आहे, कारण त्याचं सगळं छप्पर म्हणजे एकच धोंडा. डुकरं ठेवायलाही अशाच कपारी वापरल्या.

वर माथ्यावर किल्ला आहे. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स याने हा डोंगर ११६५ मध्ये टेंपलर या लढवय्या धर्मसंघाकडे सोपवला आणि त्यांचा प्रमुख ग्वाल्दिं पाइश याने इथं कोट बांधला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दारूखान्याचा स्फोट होऊन त्याची मोठी पडझड झाली. किल्ल्याची एक गोष्ट मात्र शाबूत आहे. वेढा वर्षानुवर्षं चाललेला, गावात एक वासरू आणि थोडा गहू एवढंच उरलेलं. बायकांनी तो गहू वासराला खाऊ घातला आणि त्याला तटावरून खाली टाकलं. वासराचं पोट फुटून गहू सांडला. आत एवढी सुबत्ता असेल तर थांबण्यात अर्थ नाही, असं समजून शत्रूने वेढा उठवला. शत्रू रोमन की मूर (म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेले अरब-बर्बर मुसलमान), हे सांगणाऱ्यावर अवलंबून असतं. अशीच कथा फ्रान्समधल्या कार्कासोनचीही आहे, तिथं वासराच्या जागी डुक्कर. पण मोन्सान्तोत मे महिन्याच्या सुरुवातीच्या उत्सवात आजही बायका गाणी म्हणत किल्ल्यावर चढतात आणि फुलांनी भरलेला पांढरा घडा तटावरून खाली टाकतात.

आता १९३८ कडे येऊ. सालाझारचं नाव मराठी वाचकाला गोवा मुक्तिसंग्रामामुळे ठाऊक आहे. त्याच्या राजवटीच्या प्रचार खात्याचा प्रमुख आंतोनियो फेर्रो याने त्या वर्षी ‘पोर्तुगालमधलं सर्वांत पोर्तुगीज गाव’ शोधण्याची स्पर्धा घेतली. परक्या प्रभावाला जे गाव सर्वांत जास्त पुरून उरलं, ते श्रेष्ठ, अशी कसोटी होती. परीक्षक गावोगाव फिरले, गावांनी त्यांच्यापुढे पोशाख, नाच, घरकाम मांडलं आणि मोन्सान्तो जिंकलं. बक्षीस होतं चांदीचा कोंबडा. त्याची प्रतिकृती गावातल्या लुकानो मनोऱ्यावर अजून उभी आहे.

मला हा निवाडा मुळातूनच चुकीचा वाटतो आणि त्याचा पुरावा गावातच आहे. मोन्सान्तोच्या बायकांच्या हातातलं वाद्य घ्या. अदुफ म्हणजे लाकडाची चौकोनी चौकट, तिच्या दोन्ही अंगांना चामडं ताणून कडेने शिवलेलं, आत बिया किंवा खडे, कोपऱ्यांना रंगीत गोंडे. दोन्ही हातांचे अंगठे आणि उजव्या हाताची तर्जनी यांवर ते तोलून धरायचं आणि उरलेल्या बोटांनी वाजवायचं. थापेबरोबर आतल्या बियांची खुळखुळ उठते. हे वाद्य अरबांबरोबर आलं, आपल्या शाहिरांच्या डफाचं ते नात्यातलं आहे. मूरांना हटवून किल्ला बांधला गेला, पण त्यांचं वाद्य ख्रिस्ती देवीच्या जत्रेत राहिलं आणि ते टिकवलं ते बायकांनी.

ताटातही तेच. या प्रांताचा आवडता गोड पदार्थ म्हणजे ‘पापाश द कारोलू’. मका भरड दळायचा, त्या कण्या पाण्यात मऊ शिजवायच्या, मग दूध आणि साखर घालून आटवायच्या. खीर घट्ट झाली की पसरट ताटलीत ओतून वर दालचिनीची पूड. मका आला अमेरिकेतून, दालचिनी श्रीलंकेतून. खास इथल्या मातीतलं म्हणावं ते मेंढीच्या दुधाचं चीज. ते विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट लागत नाही. रानात उगवणाऱ्या काटेरी कार्डूनची जांभळी फुलं वाळवून पाण्यात भिजवतात आणि ते पाणी कोमट दुधात घालतात. त्यातल्या विकरांनी दूध साकळतं आणि चिजाला किंचित कडवट झाक येते. शिळा पावही इथं टाकून देत नाहीत. लसूण आणि ऑलिव्ह तेलावर परतून त्याचे ‘मिगश’ करतात.

हे सगळं चविष्ट आहे, पण ते टंचाईतून आलं आहे, हे विसरू नये. फेर्रोच्या पाहुण्यांना जे निर्मळ आणि साधं दिसलं, ते काही वर्षांतच एका तरुण डॉक्टरने आतून पाहिलं. फेर्नांदो नामोरा १९४० च्या दशकात इथं वैद्यकी करत होता. गरिबी, आजार, डॉक्टरविषयीचा संशय, अंगारे-धुपारे यांच्याशी झगडताना आलेले अनुभव त्याने ‘एका डॉक्टरच्या आयुष्यातले तुकडे’ या १९४९ च्या पुस्तकात मांडले. ते पोर्तुगालमध्ये खूप वाचलं गेलं. मोन्सान्तोबद्दल एकच काही वाचायचं असेल तर मी त्या चांदीच्या कोंबड्याच्या बातम्या नाही, नामोरा वाचायला सांगेन.

कोंबड्याने पोट भरलं नाही. १९६० च्या दशकात पोर्तुगालच्या अशा खेड्यांतून माणसं फ्रान्सकडे कामाला निघून गेली, बैरा बाइशाही ओसरला. १९९० च्या दशकात ‘ऐतिहासिक गावं’ या सरकारी योजनेत मोन्सान्तो आलं, डागडुजी झाली. अलीकडे ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेचं चित्रीकरण झालं आणि पर्यटक वाढले. आज धोंड्यांमधल्या कित्येक घरांत पाहुण्यांची सोय आहे. वर्षभर तिथंच राहणारे मात्र थोडे, आणि त्यांतही म्हातारी माणसं जास्त. अदुफ शिकवायला बायका आहेत तोवर शिकणाऱ्या मुली गावात हव्यात. त्यासाठी शाळा, दवाखाना आणि रोजगार लागतो, बक्षीस नाही.

पुढच्या आठवड्यात डोंगर उतरून जवळच्याच इदान्या-आ-वेल्या या गावी जाऊ. आज ते एवढंसं खेडं असलं, तरी रोमन काळात शहर होतं आणि नंतर बिशपचं ठाणंही.