शर्यत थांबवणे म्हणजे हार नव्हे

शहापूर-मुरबाडच्या वाचकांना शिडाच्या होड्यांच्या शर्यती काहीशा परक्या वाटतील. आपल्या परिचयाचे पाणी भातसा, तानसा आणि बारवीच्या जलाशयांचे. परंतु जुलै महिन्यात वारा सुटतो, पागोळ्या थांबत नाहीत आणि घरातील आजोबा नेहमीप्रमाणे छत्री घेऊन फिरायला निघतात, तेव्हा आपल्यापुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच शर्यतीच्या पंचांपुढेही असतो : आज जाऊ द्यावे की नाही?

पंच नांगरलेल्या होडीवरून वाऱ्याचा वेग मोजतात. लाटा व भरती-ओहोटी पाहतात आणि मग निशाण चढवतात. तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे निशाण म्हणजे शर्यत पुढे ढकलली. पांढऱ्यावर निळा चौकोन म्हणजे मार्ग आखूड केला. पिवळे, तिरप्या तांबड्या पट्ट्यांचे निशाण म्हणजे लाइफ जॅकेट घालणे सक्तीचे. निळ्या-पांढऱ्या चौकटींचे निशाण म्हणजे शर्यत रद्द.

हीच चार उत्तरे आपल्या घरातही उपयोगी पडतात. पाऊस ओसरेपर्यंत फिरणे पुढे ढकलावे. रस्त्याऐवजी ओसरीवरच फेऱ्या माराव्यात. बाहेर जायचेच असल्यास घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे, काठी आणि सोबतीला माणूस असावा. जोरदार वाऱ्यात छत्रीमुळे तोल जातो, तेव्हा रेनकोट बरा. चक्कर किंवा ताप असल्यास त्या दिवशी फिरणे रद्दच करावे. छातीत दुखू लागले किंवा दम लागला, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

या खेळाचे दोन नियम विशेष मननीय आहेत. शर्यतीत उतरावे की नाही, ती चालू ठेवावी की नाही, हा निर्णय सर्वस्वी त्या होडीचा असतो. म्हणून आजोबांना केवळ ‘नको’ म्हणू नये. पायांत बळ किती आहे, हे आधी त्यांनाच विचारावे. दुसरा नियम असा की, संकटात सापडलेल्याला शक्य ती सर्व मदत करणे प्रत्येक स्पर्धकाचे कर्तव्य आहे.

या दुसऱ्या नियमाचे मोल २०१८ साली दिसले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी हे गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या होडीतून निघाले होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात होडीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. उठताही येईना. त्यांनी उपग्रहाद्वारे संदेश पाठवला. आयर्लंडचे स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन यांची स्वतःची डोलकाठी मोडलेली असूनही ते त्यांच्या दिशेने निघाले. अखेर २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने टॉमी यांची सुटका केली. पुढे शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना पुन्हा चालण्याचा सराव करावा लागला. तेच टॉमी याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले.

२०१८ साली त्यांनी मदत मागितली नसती, तर २०२३ उजाडले नसते. घरातील ज्येष्ठांना हे अवश्य सांगावे : हाक मारण्यात कमीपणा नाही. आणि सांभाळ करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की, पुढे ढकललेली शर्यत वारा निवळल्यावर पुन्हा सुरू होते.