जुन्या आउटबोर्ड इंजिनाच्या आकस्मिक शक्तिक्षयाची कारणमीमांसा

बोटीच्या मागील फळीस बाहेरून अडकविलेले, दोन सिलिंडरांचे द्विघाती इंजिन पूर्ण वेगाने चालत असता एकाएकी निम्म्या शक्तीवर येते, तेव्हा चालकाचा पहिला कल कार्बुरेटर उघडण्याकडे असतो. हा कल बहुधा चुकीचा होय. प्रथम एकच गोष्ट ठरवावयास हवी : इंजिनाचे फेरे मंदावले, की केवळ बोट मंदावली? फेरे वाढले आणि बोट मात्र रेंगाळू लागली, तर दोष खाली आहे. पंख्याच्या गाभ्यातील रबर घसरू लागले असेल, वा पात्यांस शेवाळ वा जाळे गुंतले असेल. फेरेच उतरले असतील तरच इंधन, ठिणगी व दाब यांच्याकडे वळावे.

यांत इंधनाचा विचार सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे कारण केवळ सोयीचे नाही. द्विघाती इंजिनात वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. इंधन अपुरे पडले की ज्वलन अधिक तप्त होते आणि त्याच क्षणी वंगणही घटते. किनारा गाठण्याच्या घाईने अशा इंजिनास पूर्ण वेगाने रेटणारा चालक दट्ट्याच जाळून बसण्याचा संभव असतो. तेव्हा वेग तत्काळ कमी करणे हाच पहिला उपाय.

इंधननळीवर रबरी फुगा असल्यास शक्ती उतरताच तो हाताने दाबून पाहावा. इंजिन सावरले, तर इंधनपंप दुर्बळ आहे किंवा नळीच्या जोडांतून हवा शिरत आहे. फुगा स्वतःच चपटा झाला असेल, तर अडथळा टाकीकडे आहे. टाकीच्या झाकणावरील वायुछिद्र बंद राहिल्याने आत निर्वात निर्माण होणे हे त्याचे नेहमीचे कारण. मात्र 1950 च्या दशकातील जॉन्सन व एव्हिनरूड यांच्या अनेक इंजिनांस हे लागू नाही. त्यांत इंधनपंप नसतो. क्रँककेसमधील दाब एका नळीने टाकीत येतो व इंधन दुसऱ्या नळीने वर ढकलतो. अशा टाकीचे झाकण हवाबंदच असावे लागते, आणि ते सैल करणारा दुरुस्तीऐवजी बिघाड करतो.

आज पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जात असल्याने आणखी एक दोष वाढला आहे. जुन्या नळीचे आतील अस्तर फुगून सुटते व झडपेसारखे आडवे येते; बाहेरून नळी निर्दोष भासते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, आणि पाण्याचे प्रमाण वाढताच हे मिश्रण पेट्रोलपासून विलग होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमके शोषनळीच्या तोंडाशी, साचते.

इंधन निर्दोष ठरल्यास एखादा सिलिंडर निष्क्रिय आहे काय हे पाहावे. इंजिन मंद वेगाने चालू ठेवून पाळीपाळीने एकेका स्पार्क प्लगची तार काढून ती इंजिनाच्या धातूस टेकवावी. तार मोकळी सोडल्यास कॉइलला धोका असतो. जी तार काढूनही चालीत फरक पडत नाही, त्या सिलिंडरात दोष. दोन्ही प्लगांची अदलाबदल करावी. दोष प्लगबरोबर सरकला, तर शोध संपला. न सरकल्यास फ्लायव्हीलखालील मॅग्नेटोची कॉइल संशयास्पद. तिचे जुने आवरण तडकलेले असते. थंडपणी ती उत्तम ठिणगी देते, तापल्यावर निकामी होते. म्हणून किनाऱ्यावर थंड इंजिनाची घेतलेली परीक्षा भ्रामक ठरते. परीक्षा तापलेल्या इंजिनाचीच हवी, आणि ती पाण्याने भरलेल्या पिंपात. कोरडे चालविल्यास शीतनपंपाचे रबरी चक्र अल्पावधीत नष्ट होते, व ते आधीच झिजले असेल तर अतितापानेच शक्ती उतरली असणे शक्य आहे.

शेवटी दोन्ही सिलिंडरांतील दाब मोजावा. त्यांत सुमारे 10 टक्क्यांहून अधिक तफावत आढळली, तर कार्बुरेटर व ठिणगी यांवर वेळ दवडण्यात अर्थ नाही; सिलिंडरचे शीर्ष काढून गॅस्केट व दट्ट्याच्या कड्या पाहाव्या लागतात.