तानपुरा घेताना



शाळेच्या संगीत वर्गाला मुलांना सोडायला येणारे पालक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात, "घरी तानपुरा घ्यावा का? आणि घ्यायचाच तर कोणता?" भजनी मंडळातली वडीलधारी मंडळीही अधूनमधून चौकशी करतात. प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षा एकदा पत्रिकेतूनच सविस्तर लिहावे, असे आम्ही ठरवले.

सुरुवातीलाच सांगतो, आम्ही कोणी गवई नाही. आमच्यात शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, तहसील कचेरीत काम करणारे आहेत. दिवसभराची कामे आटोपली की संध्याकाळी तासभर गाणे, एवढीच आमची हौस. तेव्हा हा लेख हौशी माणसाने हौशी माणसासाठी लिहिलेला आहे. त्यात आमची एक चूकही कबूल करायची आहे.

त्याचे असे झाले. वर्ग सुरू झाला तेव्हा आम्ही वर्गणी काढून एका शहरातल्या दुकानातून तानपुरा आणला. दिसायला फार देखणा होता. दांडीवर पांढरी नक्षी, भोपळ्यावर वेलबुट्टी, रंग असा की आरशासारखे तोंड दिसावे. किंमतही बेताची होती. सगळे खूश झालो. पण वाद्याच्या खुंट्या टिकत नव्हत्या. सूर लावून ठेवला की दहा मिनिटांत तार उतरायची. मुले गाण्यात रंगली की ते कोणाच्या ध्यानातही येत नसे. त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. तिचा आवाज गोड, पण ती तानपुऱ्याशी जुळत नाही असे आम्हाला वाटे. आम्ही तिला वारंवार थांबवले, "सुरात नाहीस" म्हणून सांगितले. काही महिन्यांनी तिने येणे बंद केले. पुढे एक जाणकार पाहुणे शाळेत आले. त्यांनी पाच मिनिटे तानपुरा छेडला आणि म्हणाले, "अहो, बेसूर हे वाद्य आहे." तेव्हा आम्हाला उमगले की ती मुलगी सुरात होती. तानपुरा खाली सरकत होता आणि आम्ही दोष तिच्या गळ्याला देत होतो.

हलके वाद्य महाग का पडते, हे त्या दिवशी कळले. मोठा कलावंत वाद्यातली खोट ओळखतो आणि सांभाळून घेतो. शिकणाऱ्याला ती ओळखता येत नाही. त्याला वाटते, दोष आपलाच. म्हणून चांगल्या वाद्याची गरज नवशिक्याला आणि हौशी माणसालाच जास्त असते.

आता तानपुरा म्हणजे नेमके काय ते पाहू. चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोडीच्या तारा म्हणतात, आणि चौथी खालच्या षड्जाची म्हणजे खर्जाची. जोडीच्या तारा पोलादी असतात आणि खर्जाची बहुधा पितळेची. मालकंसासारख्या रागात पंचम नसतो, तेव्हा पहिली तार मध्यमात लावतात. या तारा भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर बसवलेल्या घोडीवरून जातात, आणि तानपुऱ्याचे सगळे गुपित या घोडीत आहे. तिचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी सूक्ष्म उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर घासत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवला की योग्य जागी आवाज एकदम उमलतो. यालाच जवारी म्हणतात.

जवारी लागली की तारेच्या मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूरही स्पष्ट ऐकू येतात. खर्जाच्या तारेतून तिप्पट कंपनांचा पंचम येतो आणि पाचपट कंपनांचा गंधार येतो. गंधाराची तार तानपुऱ्यात नसतेच, तरी तो ऐकू येतो. म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणा यांच्यावर शोधनिबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा जुना नियम. पण आपल्या या वाद्यांत तोही उमटतो आणि त्याचे कारण घोडीचा आकार आहे, असे त्यांनी दाखवले. नोबेल पारितोषिक त्यांना पुढे १९३० मध्ये दुसऱ्या कामासाठी मिळाले, पण आपल्या घरातल्या वाद्याकडेही त्यांनी तितक्याच बारकाईने पाहिले होते.

चांगले तानपुरे कुठे होतात, असे विचाराल तर महाराष्ट्रात पहिले नाव मिरजेचे. सांगली जिल्ह्यातल्या या गावात सतारमेकर मंडळींच्या पिढ्यान् पिढ्या तंतुवाद्ये घडवण्यात गेल्या आहेत. मूळचे हे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. इंग्रजी अमलात शस्त्रांचे काम आटले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी तोच हात वाद्यांकडे वळवला. या परंपरेत फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव आदराने घेतले जाते. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये निधनानंतर तिथेच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. गाणारे आणि वाद्य घडवणारे एकाच गावात राहिल्यामुळे वाद्यातली उणीव लगेच कारागिराच्या कानावर जाई आणि दुरुस्त होई. मिरजेच्या वाद्यांचे नाव असे वाढत गेले.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये मिळाले तेच हे मानांकन. चिन्नोर कुठेही पेरता येईल, पण बालाघाटचा चिन्नोर हे नाव बालाघाटच्याच धानाला लागेल, तसेच हे.

तानपुऱ्याचा भोपळा हा भाजीचा नव्हे. आपल्याकडे रानातली माणसे पाण्यासाठी वाळलेला तुंबा वापरत, त्याचाच हा मोठा भाऊ, कडू भोपळा. मंगळवेढा आणि पंढरपूरच्या भागात भीमेकाठी तो मुद्दाम पिकवतात. वेलीवरच पक्का होऊ देतात, मग महिनोन् महिने वाळवतात. कच्चा भोपळा वापरला तर पुढे आकसतो आणि सांधे सुटतात. दांडीसाठी आणि तबलीसाठी तुणीचे हलके लाकूड वापरतात, तेही चांगले मुरलेले लागते. म्हणून चांगला तानपुरा घाईने होत नाही. सांगून करवून घ्यायचा असेल तर थांबायची तयारी ठेवावी.

आमचा दुसरा तानपुरा आम्ही मिरजेहूनच आणला. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे, सातारा अशी मजल दरमजल करीत दुसऱ्या दिवशी मिरजेला पोहोचते. प्रवास लांबचा, पण गाडी बदलावी लागत नाही. तिथे जे शिकलो ते असे.

पहिले म्हणजे आपली पट्टी ठाऊक असावी. पुरुष बहुधा काळी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया आणि मुले काळी चार-पाचच्या आसपास. पुरुषी तानपुरा साडेचार ते पाच फुटांचा, जनानी त्याहून लहान. पुरुषी तानपुरा ओढून काळी पाचला लावला तर तारा तुटतात, आणि जनानी तानपुरा सैल सोडून काळी एकला आणला तर आवाज मरतो. त्यामुळे वाद्य सर्वांत मोठे किंवा सर्वांत सुंदर नको, आपल्या गळ्याचे हवे.

दुसरे, नक्षीवर भुलू नये. आधी डोळे मिटून ऐकावे. एकेक तार छेडून ती किती वेळ गुंजते ते पाहावे. चारही तारांची आस सारखी हवी. एखादी लगेच विझत असेल तर कारागिराला तिथेच सांगावे. तो धागा सरकवील, घोडीवर कानस फिरवील आणि पुन्हा ऐकवील. यात त्याला राग येत नाही, उलट ऐकणारे गिऱ्हाईक त्याला आवडते.

तिसरे, खुंट्या. सूर लावून अर्धा तास गप्पा माराव्यात, चहा घ्यावा, मग पुन्हा छेडून पाहावे. आमच्या पहिल्या तानपुऱ्याची ही एकच परीक्षा घेतली असती तर पुढचा सगळा घोटाळा टळला असता. दांडी सरळ आहे का, भोपळ्याला बारीक चीर नाही ना, सांधा कुठे उघडलेला नाही ना, हेही उजेडात नेऊन पाहावे. जाणकार माणूस सोबत असेल तर फारच उत्तम.

गाडीने आणताना तारा थोड्या उतरवाव्यात आणि कडक पेटीत ठेवूनच आणावे. भोपळ्याला एक ठोका पुरे होतो. आम्ही येताना एक बर्थ तानपुऱ्याला दिला आणि दोघे जण आळीपाळीने जागलो!

घरी आल्यावर निगा महत्त्वाची. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड तडकेल असे ऊन आणि सावन-भादव्यात भिंतींना ओल. म्हणून वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, खिडकीच्या उन्हात किंवा कूलरच्या झोतात ठेवू नये. कापडी गवसणी घालून ठेवावे. बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा जरा सैल कराव्यात. खुंटी घसरत असेल तर तिला थोडा खडू लावावा. वापराने घोडीवर तारांचे चरे पडतात आणि आवाज बोथट होतो. अशा वेळी घरच्या घरी कानस चालवू नये, जवारी जाणत्या हातूनच काढून घ्यावी.

आता पैशांचा प्रश्न. चांगला तानपुरा नव्या मोटारसायकलीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो आणि नीट ठेवला तर पुढच्या पिढीला उपयोगी येतो. तरीही आमच्यासारख्यांना ती रक्कम लहान नाही. म्हणून कर्ज काढून घेऊ नये, असेच आम्ही सांगू. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला, आणि आता तर तो मोबाइलमध्येही मिळतो. रोजच्या रियाझाला तो वाईट नाही. त्याचा षड्ज सरकत नाही, आणि आमच्या त्या पहिल्या तानपुऱ्यापेक्षा तो शंभर पटींनी बरा. पण त्यात सूर तयार मिळतो. खऱ्या तानपुऱ्यावर तो शोधावा लागतो. खुंटी फिरवताना दोन तारा एकमेकींत मिसळून जातात तो क्षण ओळखणे, हाच संगीताचा पहिला पाठ आहे. तेव्हा चार-पाच घरांनी मिळून एक चांगला तानपुरा घ्यावा आणि रोजच्यासाठी मोबाइल वापरावा, हा मार्ग आम्हाला पटतो. धान विकून हातात पैसे आल्यावर विचार करावा, घाई नको.

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. आमचा अनुभव असा की मोल असते, आणि ते चुकीच्या जागी वाचवले तर भलत्यालाच भरावे लागते. आमच्या बाबतीत ते त्या मुलीने भरले. ती आता बाहेरगावी शिकते. गेल्या दिवाळीत ती गावी आली तेव्हा आम्ही तिला शाळेत बोलावले आणि झाले ते सर्व सांगितले. ती काही बोलली नाही. नव्या तानपुऱ्याजवळ बसली आणि बराच वेळ नुसता छेडत राहिली. मग म्हणाली, "सर, गंधार ऐकू येतोय."

संगीत वर्ग दर रविवारी सकाळी भरतो. वाद्य घेण्यापूर्वी ज्यांना आमचा तानपुरा छेडून पाहायचा असेल त्यांनी जरूर यावे.